पाणी शिळे होत नाही



मागल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका वस्तीत धम्मदीक्षेचा विधी झाला. विधी आटोपल्यावर एका घरी जेवणासाठी थांबलो. देवघरातल्या टाकांची जागा रिकामी झालेली होती, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर लागली होती, आणि घरातल्या मुलांनी त्रिसरण-पंचशील न अडखळता म्हणून दाखवले. मन भरून आले. तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "पाणी आलं, पाणी आलं!" पाचव्या दिवशी नळ आला होता. घरातली माउली लगबगीने उठली. तिने दोन भरलेल्या घागरी उचलल्या, दारापुढच्या गटारीत ओतल्या, आणि मग त्या रिकाम्या घागरी घेऊन नळाकडे धावली.

ती परत आल्यावर मी विचारले, "अक्का, ते पाणी का हो ओतलंत?"

"शिळं झालं की गुरुजी. पाच दिसांचं होतं. आमच्या सासूबाईंच्यापासून असंच चालत आलंय बघा."

बंधू-भगिनींनो, त्या माउलीला मी दोष देत नाही. सोलापुरात अशी घरे कितीतरी आहेत, आणि माझ्या स्वतःच्या आईनेही जन्मभर हेच केले. पण सासूबाईंपासून चालत आले म्हणून धरून ठेवायचे, हे तर आपण सोडून आलो ना? अन्न शिळे होते, कारण ते नासते. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले आणि ओगराळ्याने काढलेले पाणी भाकरीसारखे नासत नाही. पिण्याविषयी शंका वाटली तर ते उकळा. तरीही मन घेत नसेल तर त्याच पाण्याने कपडे भिजवा, फरशी पुसा, तुळशीच्या जागी लावलेल्या मोगऱ्याला घाला. गटारीत कशासाठी?

हिशेब करून पाहा. घागरीत पंधरा लिटर पाणी धरा. दोन घागरी म्हणजे तीस लिटर. वस्तीत शंभर घरे असली तर एका पाण्याच्या दिवशी तीन हजार लिटर पाणी गटारीला जाते. आणि त्याच दिवशी नळावर एका घागरीवरून दोन घरांत झोंबाझोंबी होते!

आता थोडे मागे जाऊ. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, तरीही त्या ओंजळीसाठी आपल्या माणसांनी डोकी फोडून घेतली. मग सनातन्यांनी काय केले? तळे बाटले म्हणून १०८ घागरी पाणी बाहेर काढून, शेण-गोमूत्र घालून ते 'शुद्ध' केले. त्या तळ्याचा खटला १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने लागला, तोवर दहा वर्षे गेली होती.

मला सांगा, महाडच्या त्या १०८ घागरी आणि आपल्या दारातल्या या दोन घागरी यांच्यात काय फरक आहे? त्या द्वेषाने काढल्या, या भाबडेपणाने ओतल्या, हा फरक मोठा आहे, मी मानतो. पण डोळ्यांना न दिसणारा, जिभेला न लागणारा दोष पाण्यात आहे असे समजायचे आणि पाणी फेकायचे, ही खोड एकच. ज्या कल्पनेने आपल्याला तळ्याबाहेर ठेवले, तिचेच एक पिल्लू आपल्या घागरीत बसून राहिले आहे.

पाण्याला खरा विटाळ होतो, तो वेगळाच. सोलापूरचे पाणी मुख्यतः उजनीचे. भीमा नदीवर माढा तालुक्यात १९८० साली पुरे झालेले हे धरण ११७ टीएमसीचे आहे. पण त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठा. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि ते सारे उजनीत येते. तेच पाणी पुढे नदीतून औज बंधाऱ्यापर्यंत आणि जलवाहिनीतून शहरापर्यंत पोहोचते. हा विटाळ शेणा-गोमूत्राने जाणार नाही. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे, आणि ते सोडले जात नसेल तर विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्याच्याही बरीच खाली गेली होती. एकाला दोन जलवाहिन्या झाल्या तरी धरणातले पाणी काही त्यामुळे वाढत नाही.

पाण्याचे भांडण तथागतांच्या चरित्रात अगदी मुळाशी आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, आणि तरुण सिद्धार्थाने भर सभेत त्याला विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले तेव्हा त्याने परिव्रज्या पत्करली. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे हेच कारण मांडले आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्र निघून गेला, ही जुनी कथा त्यांना पटली नाही. म्हणून नळावरच्या भांडणाला कोणी क्षुल्लक म्हणू नये. पाण्याच्या दिवशी ज्या घरात म्हातारे एकटेच आहेत त्यांची घागर आधी भरून द्या. दोन घरांचा तंटा विहारात बसून मिटवा.

विनयात भिक्खूंसाठी बारीकसारीक नियम आहेत. पाण्यात थुंकू नये, लघवी करू नये. झाडझाडोरा तोडू नये. अडीच हजार वर्षांपूर्वी हे नियम झाले, आणि आपण आजही चालत्या गाडीतून नदीच्या पुलावर पिशवी भिरकावतो!

चीवरांची गोष्ट तर आपल्या चादरीच्या गावाला फारच जवळची. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, एवढी वस्त्रे घेऊन हा भिक्खू दुकान मांडणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांचे अभ्रे. पुढे जमिनीवरची बैठक, मग पायपुसणे, मग फडके, आणि फडकेही विरले की त्याचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपू. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली तेव्हा ती हेच करत होती. गरिबी म्हणून तिची लाज वाटू देऊ नका.

आता विजेकडे वळू. काही जण म्हणतील, साधेपणा म्हणजे दिवा विझवून अंधारात बसणे. मुळीच नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे विजेचाही विषय होता. मुबलक आणि स्वस्त वीज असल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबाची सुटका होणार नाही, असे त्यांचे मत होते. तेव्हा वीज हवीच. ती कशी येते हे मात्र ठाऊक असावे. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला १३२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. तिथे लांबून आणलेला दगडी कोळसा जळतो, आणि पाणी लागते तेही उजनीचेच. म्हणजे रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिला की कोळसाही जातो आणि पाणीही जाते. साठ वॅटच्या जुन्या बल्बचा उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो.

सूर्याची वीज सोलापूरइतकी कुठे मिळावी? आपले ऊन तर प्रसिद्धच! एक किलोवॅटच्या पत्र्यांतून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तेवढ्याला तीस हजार रुपयांचे अनुदान ठरले. परंतु बिड्या वळून पोट भरणाऱ्या, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या भगिनीला मी कोणत्या तोंडाने सांगू की तू सौरवीज बसव? तिला सांगायचे ते एवढेच, की बिडीच्या पानांचे कातरण आणि प्लॅस्टिक चुलीत किंवा बंबात जाळू नको, तो धूर आधी तुझ्या आणि लेकरांच्या छातीत जातो. डाळ भिजवून शिजव, गॅस पुरतो. सौरवीज विहाराच्या छपरावर बसली पाहिजे. दानपेटीतला पैसा तिथे लागला तर संध्याकाळी वस्तीतली पोरे त्या उजेडात अभ्यास करतील. ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने याच सोलापुरात मुलांसाठी वसतिगृह उघडले होते, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाही.

या उजेडात एक कडू गोष्टही दिसते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि माळढोक आज जवळजवळ दिसेनासा झाला आहे. राजस्थानात हे पक्षी विजेच्या उच्चदाब तारांना धडकून मेले, आणि त्यांतल्या काही तारा सूर्याची-वाऱ्याची वीज वाहणाऱ्या आहेत. फुकटची वीज कुठलीच नसते.

आणि १४ एप्रिल? रागावू नका, पण बोललेच पाहिजे. भर उन्हात मिरवणूक, पुढे डिझेलचा जनरेटर, भिंती हादरवणारा आवाज, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर प्लॅस्टिकच्या पेल्यांचा आणि पाण्याच्या पिशव्यांचा खच. तो खच सकाळी झाडून काढणारे हात बहुधा आपल्याच घरातले असतात. माठ आणि स्टीलचे पेले ठेवून पाणपोई घातली तर पाणी कमी पडते काय?

अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खणल्या आणि ते शिलास्तंभावर कोरून ठेवले. आपल्याकडे दरवर्षी बुद्धपौर्णिमेला पिंपळ लागतात. कालपर्यंत याच झाडावर मुंजा बसतो म्हणून आपण संध्याकाळी तिकडे फिरकत नव्हतो. आता बोधिवृक्ष म्हणून त्याला दोरे गुंडाळू नका म्हणजे झाले. पिंपळ विहाराच्या भिंतीलगत तर कधीच लावू नये, मुळे भिंत फोडतात. आणि बुद्धपौर्णिमा येते वैशाखात, ऐन उन्हाळ्यात. त्या दिवशी फोटो काढून लावलेले रोप ज्येष्ठ पाहत नाही. रोप आषाढात, पहिल्या दोन पावसांनंतर लावा.

त्या वस्तीतही तसेच ठरले. विहारापुढच्या मोकळ्या जागेत एक पिंपळ आणि दोन कडुनिंब लावले, आणि चौदा घरांची पाळी लागली. पाण्याच्या दिवशी ज्याची पाळी त्याने उरलेल्या घागरी गटारीऐवजी तिकडे न्यायच्या, आणि रिकामी भांडी घासून, पुसून, कोरडी करूनच पुन्हा भरायची. साठवणीच्या पाण्यात डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्यातून एकदा हे झालेच पाहिजे. पाळीची यादी विहाराच्या दारावर खडूने लिहिली आहे. पहिले नाव त्या अक्काचे आहे, आणि ते तिने स्वतःच लिहायला लावले.