भित्यापाठी ब्रह्मराक्षस



काही महिन्यांपूर्वी एक कुटुंब आमच्याकडे आले. म्हैस आटली, मुलगा तापाने आजारी पडला, घरधनी मोटरसायकलवरून घसरला, आणि हे सारे एकाच महिन्यात. "फादर, घराला कुणाची तरी नजर लागली आहे. पवित्र जल शिंपडून द्या," असे त्यांचे म्हणणे. आम्ही गेलो, प्रार्थना केली, जल शिंपडले, चहा घेऊन परतलो. कुणाची नजर, हे आम्ही विचारले नाही. पुढे कळले की, शेजारी एकटी राहणारी एक म्हातारी आहे आणि तिच्या घरी आता कुणी पाणीसुद्धा पीत नाही. 'फादरही येऊन गेले' हा त्या संशयाचा पुरावा झाला होता! ही चूक आमची. म्हणून आजचे चार शब्द आधी स्वतःला आणि मग तुम्हाला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. एकामागोमाग दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि तुम्ही शेतात शिकलात. तरीही मनात भय शिरले की आपण 'कशामुळे झाले' हे विचारायचे सोडून 'कुणी केले' असे विचारू लागतो. आणि असे विचारणाऱ्या मनाला कुणीतरी सापडतेच. बहुधा ती एखादी विधवा असते, परका असतो, गरीब असतो. ज्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही, असा कुणीतरी.

ही केवळ चार घरांतली कुजबुज नव्हे. आपल्याच परभणी जिल्ह्यात, मानवत येथे, १९७२ ते १९७४ या काळात स्त्रियांचे आणि कोवळ्या मुलींचे खून झाले. गुप्तधन मिळावे, मूल व्हावे म्हणून दिलेले ते बळी होते, असे तपासात पुढे आले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. तो दिवस रविवार होता. मानवतला अंधश्रद्धा होती, राईनपाड्याला संशय होता. पण दोन्हींचे मूळ एकच. भयाला बळी हवा असतो.

धरणाला, पुलाला माणसाचा बळी द्यावा लागतो, ही कंडीही महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली. आपल्या येलदरीचे धरण आपण रोज पाहतो. पूर्णेचे पाणी कशाने अडले? माती-दगड, अभियंत्यांचे गणित आणि मजुरांचा घाम यांनी. देवाने माणसाला बुद्धी दिली ती याचसाठी.

शिष्यांनीही एकदा 'कुणी केले' हाच प्रश्न विचारला होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून ते विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू दोघांवरही दोष ठेवत नाही. तो त्या माणसाजवळ जातो आणि त्याला दृष्टी देतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती इतरांहून अधिक पापी होती, हा समज त्याने खोडून काढला. दोषी शोधण्यापेक्षा दुःखिताला हात देणे, ही ख्रिस्ताची रीत आहे.

आता आपल्या घरात डोकावू या. दारावर क्रूस आणि गाडीला लिंबू-मिरची! अमावास्येला प्रवास नको. संतांच्या चित्राखाली 'अकरा जणांना पाठवा, नाहीतर अनिष्ट होईल' असा संदेश आला की बोटे आपोआप चालतात. पवित्र जल, जपमाळ, पदक ही श्रद्धेची साधने आहेत. त्यांचा ताईत करू नका. खऱ्या देवाच्या उपासनेतही अंधश्रद्धा शिरू शकते, असा इशारा ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २१११) दिलाच आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच वर्षी आला. करणी केली असा आळ घेऊन कुणाला छळणे, साप चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे आता गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पण शेजारणीच्या घरचे पाणी नाकारणे कोणत्याही कायद्यात बसत नाही. तिथे आपला विवेकच न्यायाधीश.

म्हणून तीन गोष्टी करू या. ताप आला तर आधी डॉक्टर, सोबत प्रार्थना. अफवेचा संदेश आपल्या मोबाईलवर येऊन तिथेच संपावा. आणि ज्या घरी जाणे आपण संशयापोटी टाळले, त्या घरी या आठवड्यात जाऊन पाणी मागून प्यावे. आम्ही गेल्या मंगळवारी त्या म्हातारीकडे जाऊन आलो. तिने पेला दोनदा घासला, मग भरून दिला. तिचा हात थरथरत होता. नजर लागली असेल, तर ती तिलाच, आपल्या सगळ्यांची.

प्रभू आपले भय दूर करो.

प्रभूच्या सेवेत,
आपले धर्मगुरू