मागची भिंत

एखाद्या वास्तूची लहानशी प्रतिकृती करणारा मनुष्य सत्याशी कितपत बांधलेला असतो? पुठ्ठ्याच्या घराला नीतीचे नियम कशाला, असे कोणी म्हणेल. गेल्या पावसाळ्यापर्यंत मीही तेच म्हणत होतो.

आमचे कोहमारा हे महामार्गावरील नाक्याचे गाव. आगगाडी त्याच्या वाट्यास आली नाही. ती जवळच्या सौंदडवरून जाते. गोंदियाहून चांद्याकडे जाणारी ही लोहवाट बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून अवघी अडीच फुटांची होती. १९९० नंतरच्या दशकात ती रुंद झाली आणि छोटी गाडी गेली. त्या मार्गावरील एक लहानसे जुने स्थानक मी करावयास घेतले. खऱ्याचे ८७ मी, प्रतिकृतीत १ मी, असे प्रमाण धरले. या मापाने अडीच फुटांची वाट जेमतेम ९ मिलिमीटर भरते, आणि साधी आगकाडी सात इंच जाडीचा वासा होऊन बसते! घरातील टाकाऊ वस्तूंकडे पाहण्याची दृष्टीच मग पालटते. जुन्या लग्नपत्रिकांच्या भिंती झाल्या. औषधी गोळ्यांच्या पट्टीवरील वर्ख फणीच्या दातांवर दाबताच पन्हळी पत्रा तयार झाला. खराट्याची काडी सिग्नलचा खांब झाली, आणि चुलबंद नदीची वाळू चाळून खडी.

प्लेटोने चित्रकाराला सत्यापासून तिसऱ्या पायरीवर बसविले: आधी पलंगाची कल्पना, मग सुताराचा पलंग, आणि शेवटी चित्रातील. परंतु चित्रकाराला पलंगाची एकच बाजू दाखवून सुटता येते. आम्हांस मागची भिंतही बांधावी लागते.

समोरची बाजू एका जुन्या छायाचित्रात होती. मागची कोणासही आठवेना. नैयायिकांनी स्मृतीला प्रमाणांत स्थान दिले नाही, अनुमानाला दिले. त्याच्या आधारे जोते मागेपर्यंत नेले, छपराचा उतार ठरविला. खिडकीपर्यंत मात्र अनुमान पोहोचेना. कोरी भिंत रुक्ष दिसे, म्हणून मी एक खिडकी कापली आणि शर्टाच्या खोक्यावरील पारदर्शक कागद तिला लावला. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले; तेथे तर एक अख्खे छोटे नगर वसविले आहे. त्याने कोणाची फसवणूक होत नाही, कारण ते कोणत्याही गावाचे नाव सांगत नाही. माझ्या स्थानकावर मात्र मी बारीक अक्षरांत नाव लिहिले होते.

शेजारच्या एक वृद्ध बाई नातवंडांसह ते पाहावयास आल्या. त्यांचे बोट त्या खिडकीपाशी थांबले. “गुरुजी, हीच ते खिडकी. लगन होऊन सासरी निघाले तवा बाप मागं खासर धरून उभा होता. इथूनच मले दिसला.” मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

खिडकी खरोखर तेथे असेलही. धुके पाहून त्याला धूर समजावे, त्यावरून अग्नीचे अनुमान करावे, आणि योगायोगाने तेथे अग्नी निघावा; एवढ्याने ते ज्ञान ठरते काय, हा आपल्या शास्त्रकारांचा जुना प्रश्न. पण शास्त्रकारांसमोर त्या बाई बसल्या नव्हत्या. गप्प राहावे, तर त्यांच्या बापाच्या आठवणीत माझ्या कात्रीची कापणी कायमची मिसळते. बोलावे, तर साठ वर्षांनी भेटलेला बाप मी परत पाठवितो. ‘निरुपद्रवी कल्पना’ हा शब्दप्रयोग मी तेव्हापासून सोडला आहे.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो. म्हटले, “मावशी, ती खिडकी माझ्या मनची आहे. तेथे काय होते, मला ठाऊक नाही.”

त्या तांदूळ निवडीत होत्या. हात न थांबविता म्हणाल्या, “मंग मले तो कुठून दिसला?”

खिडकी बुजविण्यासाठी लग्नपत्रिकेचा एक तुकडा मापाने कापून ठेवला आहे. डिंक अजून लावलेला नाही.