शोभेचे ऋण

केवळ नेत्रसुखासाठी एखादा जीव पदरी बाळगला, तर त्याचे दायित्व कोठवर पोहोचते? मलेशियातील केलांतानची सेरामा ही चिमुकली कोंबडी मूळची उष्ण प्रदेशातली. वजन पुष्कळदा अर्ध्या किलोहूनही कमी. हौसेपायी ती कॅनडासारख्या हिमदेशांतही पाळली जाते. देह जितका लहान, तितकी त्यातील ऊब लवकर ओसरते. खुराडे घट्ट मिटावे, तर श्वासाचा दमटपणा आत साचून तुऱ्यास हिमदंश होतो. म्हणून कोरडा पेंढा, माथ्याशी हवेस वाट आणि वारंवार बदललेले पाणी, ही सेवा रोजची.

याच कॅनडात, क्वेबेकमधील ओका येथील मठात, बंधू विल्फ्रिड शातलँ यांनी हिवाळा सोसणारी, अगदी लहान तुऱ्याची शांतक्लेर जात सिद्ध केली. १९२१ साली तिला अमेरिकेत जातिमान्यता मिळाली. तेथे माणसाने जीव हवामानाशी जुळविला; सेरामा मात्र आपल्या डोळ्यांशी जुळविली. तेव्हा तिला ऊब देणे आम्ही दया मानीत नाही. ती ऋणफेड होय. हिवाळ्याच्या पहाटे गोठलेले पाणी बदलणे ज्यास जड वाटते, त्याने ही शोभा दुसऱ्याच्या अंगणातच पाहावी.