आई आत्ता येते

ज्या थापांना आपण थापा म्हणत नाही, त्यांची यादी करायला बसलं तर एक शंभर पानी वही सहज भरेल. शिंप्याचं ‘फक्त काजं-बटणं राहिलीत’, सुताराचं ‘उद्या सकाळी माणूस पाठवतो’, मैफिलीआधी गवयाचं ‘घसा जरा बसलाय’ आणि मुलगी दाखवताना वधूपित्याचं ‘हे सगळं तिनंच केलंय हं’. या थापांचं एक बरं असतं. मारणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं आणि दोघंही चहा पिऊन आपापल्या घरी जातात.

पण एक थाप अशी आहे की ती ऐकणाऱ्याला थाप या वस्तूचा पत्ताच नसतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बालवाडीच्या दारात जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सकाळी नऊ वाजता उभे राहा. पाच मिनिटांत ती किमान सहा वेळा ऐकू येईल. ‘आई आत्ता येते हं!’ आई निघालेली असते ऑफिसला. येणार असते संध्याकाळी सात वाजता, तेही लोकल वेळेवर असेल तर.

मी गेली दोन वर्षं नातवाला बालवाडीत पोचवायला सुनेबरोबर जातो आणि साडेबाराला एकटाच आणायला जातो. निवृत्त माणसाला याहून प्रतिष्ठेचं काम समाजात शिल्लक राहिलेलं नाही. बालवाडी म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे फरशी घातलेलं अंगण, एक घसरगुंडी आणि एक बाक. बाक आजी-आजोबांसाठी. त्या बाकावर बसून मी आषाढातली वीतभर उंचीच्या वारकऱ्यांची दिंडी पाहिली आहे (विठोबाला मध्येच शू लागली), भोंडल्याला आज्यांनी बालवाडीचा ताबा घेतलेला पाहिला आहे आणि डब्यात सोमवारी पोळी-भाजीच हवी, नूडल्स चालणार नाहीत, या ठरावावर पालकसभेत झालेली खडाजंगीही ऐकली आहे. पण सगळ्यांत बघण्यासारखी असते ती जूनमधली निरोपाची पंधरा मिनिटं.

या पंधरा मिनिटांत पालकांचे दोन पंथ दिसतात. पहिला पळपुट्यांचा. मुलाला ‘तो बघ कावळा’ असं सांगायचं आणि त्यानं मान वळवली की पायातल्या चपलांचाही आवाज न करता पसार व्हायचं. दुसरा निरोपवाल्यांचा. हे लोक मुलाचा पापा घेतात, ‘मी जाते हं’ म्हणतात, मूल भोकाड पसरतं, हे परत फिरतात, पुन्हा पापा, पुन्हा भोकाड, आणि अकराव्या पाप्याला बाई दार लावून घेतात. दोन्ही पंथांचा एकमेकांवर राग. पहिले म्हणतात, ‘उगाच रडवता पोराला.’ दुसरे म्हणतात, ‘तुम्ही फसवता पोराला.’

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीत कसलं आलंय तत्त्वज्ञान! पण अहो, एवढ्याशाच गोष्टीवर मोठमोठ्यांचे पाय घसरले आहेत. युधिष्ठिराचा रथ म्हणे जमिनीच्या चार अंगुळं वरून चालायचा. अश्वत्थाम्याबद्दल द्रोणांना अर्धं मोठ्यानं आणि अर्धं पुटपुटत सांगितलं आणि रथ खाली टेकला. ‘आई आत्ता येते’मधला ‘येते’ मोठ्यानं असतो आणि ‘आत्ता’ पुटपुटलेला, एवढाच फरक. उलट त्याच महाभारतात, कर्णपर्वात, कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या ब्राह्मणाची गोष्ट सांगतो. कधीही खोटं बोलायचं नाही असं या गृहस्थाचं व्रत. जीव मुठीत धरून पळालेली माणसं कुठे लपली, असं चोरांनी विचारलं तेव्हा यानं खरं ते सांगून टाकलं. चोरांनी त्या माणसांना मारलं आणि कौशिक नरकात गेला. म्हणजे आमच्या पूर्वजांनी खोटं बोलणाऱ्याचा रथ खाली आणला आणि खरं बोलणाऱ्याला नरकात धाडलं. आता बालवाडीच्या दारात उभ्या असलेल्या बाईनं करायचं काय?

जर्मनीत कांट नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं १७९७ साली या विषयावर एक निबंधच लिहिला. दारात खुनी उभा राहून ‘तुझा मित्र घरात आहे का’ असं विचारू लागला तरी खोटं बोलायचं नाही, असं त्याचं म्हणणं. अपवाद नाही, सवलत नाही. कांट जन्मभर अविवाहित होता हे इथे सांगितलं पाहिजे. तरुणपणी काही वर्षं त्यानं लोकांच्या घरी राहून मुलांना शिकवलं होतं, पण ती मुलं लिहिण्यावाचण्याच्या वयाची. अडीच वर्षांच्या मुलानं पदर दोन्ही मुठींत धरला आहे आणि लोकल सुटायला नऊ मिनिटं आहेत, हा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही.

मला स्वतःला वाटतं, घोळ आपल्या भाषेतच आहे. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘जातो’ म्हणणं अशुभ. तो ‘येतो’ म्हणतो. मुंबईहून नागपूरला बदलून जाणारा शेजारी ट्रकात बिऱ्हाड भरून ‘येतो हं’ म्हणतो आणि पुढे तीस वर्षं येत नाही. यात खोटं काही नाही. परत भेटू ही इच्छा आपण क्रियापदात घालून ठेवली आहे. पण अडीच वर्षांच्या माणसाला भाषेचे हे अलंकार कळत नाहीत. त्याच्या दृष्टीनं येते म्हणजे येते. शिवाय ‘आत्ता’. आम्हा मोठ्यांचाच काळाचा हिशेब असा की ‘परवा’ हा एकच शब्द गेलेल्या दिवसालाही चालतो आणि येणाऱ्या दिवसालाही. मग मुलानं ‘आत्ता’चा अर्थ सरळ ‘आत्ता’ असा घेतला तर तो बिचारा मराठीचा प्रामाणिक विद्यार्थी म्हणायला हवा.

बरं, पळपुट्या पंथाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, ‘आम्ही गेल्यावर पोरगं पाच मिनिटांत गप्प होतं. बाईंना विचारा.’ विचारलं. होतं गप्प. पण गप्प बसणं आणि रुळणं यांत फरक आहे, आणि तो जगाला कळायला बरीच वर्षं लागली. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक फिल्म दाखवली. दोन-अडीच वर्षांची एक मुलगी छोट्या ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात राहते. त्या काळी आईबापांना मुलांजवळ राहू देत नसत. भेटायच्या वेळाही मोजक्या. ही मुलगी आरडाओरडा करत नाही. फक्त मधूनमधून आई कुठे म्हणून विचारते आणि आई भेटायला आली की तोंड फिरवते. इतके दिवस इस्पितळातले लोक अशा मुलांना ‘शहाणं बाळ’ म्हणत होते. फिल्म पाहून पुष्कळ डॉक्टर संतापले. रॉबर्टसन यांचं म्हणणं पुढे पटत गेलं, आणि १९५९ च्या सरकारी अहवालात आईबापांना मुलांना केव्हाही भेटू द्यावं अशी शिफारस झाली.

आपल्याकडे ज्यांनी बालवाडी रुजवली त्यांच्यापुढे हा पेच वेगळ्याच तऱ्हेनं आला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघरमध्ये. बालवाडी उघडली तर आदिवासी वस्तीतली मुलं येईनात. आई कामावर, मोठी भावंडं गुरांमागे किंवा धाकट्याला कडेवर घेऊन. आता एखाद्यानं हजेरीपटावर लाल शाईनं ‘गैरहजर’ लिहून पालकांच्या नावानं बोटं मोडली असती. या बाईंनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. म्हणून ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा. पुढे १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हेच नाव देशभर गेलं. मला यातली गंमत वाटते ती ही, की मूल आपल्याच अंगणात बसल्यावर कुणीही आल्यागेल्याबद्दल त्याला थाप मारायची गरज उरत नाही. ज्यांना आपण मागास वस्ती म्हणत होतो तिथे हा प्रश्न असा निकालात निघाला, आणि आम्ही शहरातले शिकलेले लोक अजून कावळे दाखवतो आहोत.

पण प्रत्येकाच्या अंगणात बालवाडी नेता येत नाही, आणि आईनं ऑफिस सोडावं असं सुचवणाऱ्यांशी मी बाकावरून बोलणं बंद केलं आहे. (या मंडळींना ‘बाबा कुठे गेले’ याबद्दल मात्र थाप मारावीशी वाटत नाही. बाबा गेलेले असतात, संपलं.) तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की जाणं तर आहेच, मग सांगून जायचं की न सांगता?

आमच्या बालवाडीत याचं उत्तर बाईंकडे नसून मावशींकडे आहे. बाईंनी बालशिक्षणाचा कोर्स केला आहे. मावशी मुलांची नाकं पुसतात. एका नव्या मुलानं रडत विचारलं, ‘आई कधी येनार?’ बाई म्हणाल्या, ‘साडेबाराला हं बाळा.’ खरं होतं, पण उपयोग शून्य. मावशींनी त्याला कडेवर घेतलं आणि बोटं मोजली. ‘आधी प्रार्थना. मग ठोकळे. मग डबा. मग हात धुवायचे. मग माकडाची गोष्ट. मग आई.’ पोरगं हुंदके देत ठोकळ्यांकडे गेलं. दर थोड्या वेळानं येऊन विचारायचं, ‘माकड झालं?’ मी घड्याळं पुष्कळ पाहिली, पण हात धुण्यावरून वेळ दाखवणारं घड्याळ पहिल्यांदाच पाहिलं. मावशींची अट एकच, कार्यक्रमाचा क्रम बदलायचा नाही. एकदा पाहुण्या आल्या म्हणून बाईंनी गोष्ट डब्याआधी घेतली, तर गोष्ट संपताच तीन मुलं दप्तरं पाठीला लावून दारात उभी!

मावशींची खरी परीक्षा झाली ती मागच्या वर्षी. एक मुलगी होती. तिची आई एकाएकी आजारी पडून इस्पितळात गेली, आणि परत येईल की नाही हेही कुणी सांगू शकत नव्हतं. घरच्यांनी बालवाडीत निरोप दिला, ‘तिनं विचारलं तर आई आत्ता येते म्हणा.’ प्रेमानंच सांगितलं होतं. मुलीनं विचारलं. बाई खाली बघायला लागल्या. मावशी म्हणाल्या, ‘आई दवाखान्यात आहे. कधी येणार ते मला नाही माहीत. पण डबा खायला मी तुझ्याजवळ बसणार.’

यावरून बराच गहजब झाला. मुलीच्या आत्यानं येऊन विचारलं, ‘एवढ्याशा जिवाला असं कुणी सांगतं का?’ मावशी म्हणाल्या, ‘ताई, रोज आत्ता येते सांगितलं आन् रोज नाय आली, तर मग मी डबा खायला बसते म्हनलेलं तरी ती का खरं मानंल?’

मावशी स्वतःचा डबा घेऊन रोज त्या मुलीशेजारी बसायच्या. भाकरी आणि चटणी. मुलगीही भाकरी मागायला लागली. एकदा मावशींना ताप होता तरी डब्याच्या वेळेपुरत्या येऊन गेल्या. सात आठवड्यांनी आई घरी आली, निम्मी होऊन. पुढच्या सोमवारी मुलीला सोडायला ती दारापर्यंत आली. निघताना काय म्हणावं ते तिला सुचेना. मुलीनंच मावशींचा पदर धरून विचारलं, ‘आई माकडानंतर येनार ना?’ मावशींनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ‘हो. माकडानंतर.’ आणि ती घरी गेलीच नाही. आमच्या बाकावर माझ्या शेजारी साडेबारापर्यंत बसून राहिली. मी पेपर वाचतोय असं दाखवत होतो.

आमच्या घरीही आता हीच भाषा चालते. सून ‘आत्ता येते’ म्हणत नाही. ‘कुकरची शिट्टी झाली की येते’ म्हणते, आणि संध्याकाळी कुकर ती दाराची बेल ऐकल्यावरच लावायचा असा मला हुकूम आहे. परवा (म्हणजे मागच्या) दुपारी मी चपला घातल्या तर नातू खेळता खेळता म्हणाला, ‘आजोबा, कुठे?’

‘वाण्याकडे.’

‘आत्ता येनार?’

खरं म्हणजे मी निघालो होतो कोपऱ्यावर चार मित्रांत गप्पा मारायला. पण मावशींच्या बाकावर दोन वर्षं काढलेला माणूस. तोंडातून वाणी निघून गेला तर गेला, आता वाण्याकडे जाणं भाग होतं. म्हटलं, ‘साबुदाणा घेतला की येणार.’

आमचा वाणी दुपारी दुकान बंद ठेवतो. पलीकडच्या गल्लीतल्याकडे साबुदाणा नव्हता. शेवटी स्टेशनजवळ मिळाला. घामाघूम होऊन घरी आलो तेव्हा नातू झोपला होता. सुनेनं पिशवी उघडून पाहिली, फडताळ उघडून आतला दोन किलोंचा डबा दाखवला आणि विचारलं, ‘बाबा, एकादशी कधी आहे?’