सभेपुढे मांडलेले मूल

विद्वानांच्या परिषदेत निबंध वाचणाऱ्याचे पहिले कर्तव्य कोणते, असा प्रश्न केला असता ‘सत्य सांगणे’ हे उत्तर कोणीही तत्काळ देईल; आणि ते चूक आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु परिषदेचा विषय बालकांचे आरोग्य व त्यांच्या मनाची वाढ हा असेल, तर तेवढ्या उत्तराने भागत नाही. ज्योतिषी सभेत चुकला म्हणून ताऱ्यांचे काही बिघडत नाही. येथे मात्र ज्याच्याविषयी बोलावयाचे ते मूल सभागृहात नसते, आणि असते तरी आपली बाजू त्याला मांडता आली नसती. उलट समोर बसलेले श्रोते बहुधा तशाच मुलांचे वैद्य, परिचारिका आणि रुग्णालयांचे अधिकारी असतात. वक्त्याला मान देणारे तेच व नाकारणारेही तेच. अशा वेळी त्याने कोणाचे ऋण आधी फेडावे? श्रोत्यांच्या सौजन्याचे, स्वतःच्या लौकिकाचे, की गैरहजर मुलाचे? एका घडलेल्या गोष्टीच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडात विसाव्या शतकाच्या मध्यास रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलाला आईबापांनी वारंवार भेटावे, हे बहुतेक ठिकाणी इष्ट समजले जात नसे. आठवड्यातून एकदोनदा, तेही थोडा वेळ, असा पुष्कळ ठिकाणी नियम होता. संसर्गाचे भय हे एक कारण. दुसरे कारण असे की, आई येऊन गेली म्हणजे मूल रडते आणि ती न आली तर दोनचार दिवसांत ‘रुळते’, असा अनुभव सांगितला जाई. या रुळण्याविषयी जेम्स रॉबर्टसन नावाच्या गृहस्थांना शंका आली. ते वैद्य नव्हते. युद्धकाळी ॲना फ्रॉइड यांच्या बालगृहात बंब सांभाळण्यासारखी कामे त्यांनी केली होती, आणि पुढे 1948 पासून टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जॉन बोल्बी यांच्यासाठी ते रुग्णालयातील मुलांचे निरीक्षण करू लागले. त्यांना दिसले ते असे की, मूल प्रथम आक्रोश करते, मग निराश होऊन गप्प होते, आणि शेवटी आईवाचून आपले काही अडत नाही असे वागू लागते. ज्याला सर्वजण रुळणे म्हणत, ते या गृहस्थांच्या मते मुलाने मनाचे दार लावून घेणे होते.

हे तोंडाने सांगून कोणास पटेना. तेव्हा त्यांनी कॅमेरा हाती घेतला. लॉरा नावाची दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी बेंबीच्या अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात होती. तिच्यावरचा त्यांचा साधा मूकपट 1952 च्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे दाखविला गेला. त्यात कोणी क्रूर नाही, मारहाण नाही, उपासमार नाही. मुलगी फार रडतही नाही; ती ओठ आवरून धरते, आणि मधूनमधून आईची चौकशी करते. घरी जावयाचा दिवस येतो तेव्हा ती आपल्या वस्तू जपून गोळा करते, पण आईचा हात मात्र धरीत नाही.

सभा संतापली. ही मुलगी अपवादात्मक आहे, हा पट वैद्यकवर्गाची बदनामी करतो, अशा तक्रारी निघाल्या. या संतापाला आम्ही केवळ दुष्टपणा म्हणणार नाही. त्या सभागृहातील माणसांनी आपले आयुष्य मुलांचे प्राण वाचविण्यात घालविले होते. आणि ज्याने जन्मभर जपले, त्याच्याच हातून दुखापत होत आहे असे एका वैद्य नसलेल्या माणसाने दाखवावे, हे सोसणे सोपे नाही. परंतु सोसणे कठीण आहे म्हणून सांगणाऱ्याने गप्प बसावे काय?

येथे एक अवघड शंका उपस्थित होते, आणि ती आम्हांस टाळावयाची नाही. मूल आईसाठी झुरत असता कॅमेरा धरून उभे राहणे हे तरी माणुसकीला धरून आहे काय? आमचे उत्तर असे की, ते एका अटीवर क्षम्य आहे. वॉर्डाचे नियम बदलणे त्या माणसाच्या हाती नव्हते. झालेले दुःख वाया जाऊ न देणे एवढेच त्याच्या हाती होते. जो दुसऱ्याच्या दुःखाची नोंद घेतो तो त्याचा ऋणी होतो. हे ऋण, जेथे सांगितल्याने काही बदलू शकेल तेथे ते दुःख पूर्णपणे सांगूनच फिटते. सभेत उभे राहिल्यावर यजमानांना बरे वाटावे म्हणून जो ते सौम्य करतो, त्याने त्या मुलाचा दोनदा उपयोग करून घेतला, एकदा अभ्यासासाठी आणि पुन्हा आपल्या लौकिकासाठी.

पण पूर्ण सांगणे म्हणजे वाढवून सांगणे नव्हे. लॉराची निवड मुद्दाम केलेली नव्हती. नावांच्या यादीतून ती नशिबाने आली होती. चित्रण रोज ठरावीक वेळी होई, आणि भिंतीवरचे घड्याळ चित्रात दिसे, म्हणजे हवे तेवढेच क्षण वेचून घेतले असा आरोप येऊ नये. हे घड्याळ आम्हांस शास्त्राइतकेच नीतीचेही साधन वाटते. ज्यांच्यावर दोष येणार आहे, त्यांनाही न्याय मिळाला पाहिजे, ही जाणीव त्यात आहे.

श्रोत्याचेही एक कर्तव्य असते. अॅमरशॅमचे बालरोगतज्ज्ञ डर्मॉड मॅकार्थी यांना तो पट पाहून आधी राग आला. पण नंतर आपल्याच वॉर्डातील मुलांचे रडणे त्यांना जणू प्रथमच ऐकू आले. त्यांनी आपल्या रुग्णालयात आयांना मुलांजवळ राहू दिले, आणि रॉबर्टसन यांचा 1958 चा पुढचा पट तेथेच तयार झाला. 1959 मध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवावे अशी शिफारस केली. सभेत पराभूत झालेली गोष्ट सात वर्षांत सरकारी अहवालात आली. रॉबर्टसन यांच्या चिकाटीइतकेच याचे श्रेय राग गिळून आपल्या वॉर्डात पुन्हा कान देणाऱ्या वैद्यालाही आहे, असे आम्ही समजतो.

आमच्या वाचकांस आजारी मुलाच्या खाटेजवळ आई नसणे ही कल्पनाच चमत्कारिक वाटेल. आपल्या रुग्णालयांत आई बहुधा जवळ असते. पण ती शहाणपणाने ठेवलेली असते, की परिचारिकांच्या अपुऱ्या संख्येमुळे, हे आपल्या मनाशी विचारून पाहावे. आज आपल्याकडेही बालकांच्या वाढीविषयी परिषदा भरतात, तरुण वैद्य तक्ते व छायाचित्रे घेऊन व्यासपीठावर चढतात. त्यांस आमची एकच सूचना आहे. ज्या मुलाविषयी आपण बोलणार, त्याची आई पहिल्या रांगेत बसली आहे असे समजून बोलावे. तिच्यादेखत जे चित्र दाखविण्याची लाज वाटेल ते दाखवू नये. आणि तिच्यादेखत जे लपविण्याची लाज वाटेल, ते अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या तरी सांगितल्यावाचून खाली उतरू नये.