डावे दार

नवेगावबांधच्या तलावापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात एका धान शेतकऱ्याची जुनी महिंद्रा पिकअप होती. 1940च्या दशकात महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्या जीपच्या घराण्यातली ही गाडी. जाड पत्र्याची, शिडीसारख्या चासीची. ती घरी आली तेव्हा गोंदिया जिल्हा झालेलाच नव्हता. तो 1999 मध्ये भंडाऱ्यातून वेगळा निघाला. गाडीच्या पिवळ्या पडलेल्या कागदांवर म्हणून भंडाऱ्याचा शिक्का होता.

शेतकऱ्याने त्या गाडीतून आयुष्यभर धानाचे कट्टे वाहिले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरायला लागली की तो गाडी धुऊन काढी, डाल्यात तणस अंथरी आणि अर्ध्या गावाला नाटकाला घेऊन जाई. पुढे डावीकडे बायको बसे. डावे दार नीट बसत नसे. तिने त्याला काथ्याची दोरी बांधली होती. दोरीचा एक वेढा मनगटाला घेऊन ती वाटभर दार धरून बसे.

शेतकरी वारला. गाडी दोन पावसाळे गोठ्याशेजारी उभी राहिली. मग मुलाने ती पुन्हा चालती करायचे मनावर घेतले. इंजिन उतरवून दुरुस्त केले, गोंदियाहून रंग आणून मारला, दारांना नवे रबर लावले. डावे दार मात्र पहिल्यापेक्षाही बिघडले. दाराचे लॉक खांबावरच्या कॅचच्या खाली अडू लागले. उचलून आपटले तरच दार बसे, आणि मोठा खड्डा आला की उघडे.

मुलगा गाडी घेऊन कोहमाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला.

“काकाजी, एवढं दार बसवून द्या जी. कॅच अजून थोडा घासला तर बसेल.”

“अजून म्हणजे? आधी कोणी घासला?”

“माहीत नाही जी. बाबांच्या वेळचं आहे.”

मिस्त्रीने कानस उचललीच नाही. त्याने आधी दाराचे नवे रबर काढून ठेवले. मग पाना घेऊन कॅचच सोडवला आणि ताटलीत टाकला.

मुलगा घाबरला. “कॅचच काढला, तर दार बसेल कशावर?”

“बिजागरीवर,” मिस्त्री म्हणाला. “कॅचनं दार धरायचं असते बाबू. उचलायचं नसते.”

त्याने दार अर्धे उघडले, मागच्या कडेला खालून दोन्ही हात लावले आणि हळूच वर उचलले. बिजागरीत टुक् असा आवाज झाला. दार बोटाच्या पेराएवढे वर गेले आणि सोडताच खाली आले. मिस्त्रीने पिन ठोकून काढली. ती मधोमध झिजून कमरेसारखी बारीक झाली होती. त्याने नवी पिन आणि बुश घातले. खेळ गेला. तरी दार खांबाशी अर्धे बोट खालीच राहिले.

“आता बिजागरी वाकवू का?” मुलाने विचारले.

मिस्त्रीने उत्तर दिले नाही. बारदाना पसरून तो गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळाने त्याने मुलालाही खाली बोलावले. केबिन चासीवर जिथे जिथे टेकते, तिथे रबराची जाड पॅकिंग असते. डाव्या बाजूला, बिजागरीच्या खांबाखालची पॅकिंग पोह्यासारखी चपटी झाली होती. तिच्याखालची लोखंडी पट्टी गंजून पापुद्रे धरत होती. खांब खाली बसला होता आणि दाराला सोबत घेऊन बसला होता.

“डावीकडंच कसं झालं?”

“रस्ता एका गाडीपुरता. समोरून बस आली की आपलं डावं चाक डांबर सोडून खाली उतरते. कट्टे भरलेले असतात. किती वर्षं उतरलं असेल, मोज.”

राईस मिलच्या एलिव्हेटरचा एक जुना पट्टा मिस्त्रीकडे पडून होता. गोंदियाकडे राईस मिलला तोटा नाही, तसा असल्या पट्ट्यांनाही नाही. कापड आणि रबर थरावर थर दाबलेला तो पट्टा भार झेलतो. मिस्त्रीने त्याचे चौकोनी तुकडे कापले आणि मध्ये बोल्टापुरती भोके पाडली. त्या बाजूचे बोल्ट सैल केले, केबिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावला आणि दांडा एकेक दाताने चढवला. पत्रा कुरकुरला. एक तुकडा सरकवला, जॅक उतरवला, दार लावून पाहिले. दुसरा सरकवला. मग प्लायची चार मिलिमीटरची चिपटी घेऊन त्याने ती दाराच्या चारी कडांच्या फटीतून फिरवली. ती कुठेच अडली नाही आणि कुठेच लुळी पडली नाही.

राहिला कॅच. मिस्त्रीने तो ताटलीतून उचलून रॉकेलने पुसला, डोळ्यांजवळ धरला आणि तसाच बसून राहिला. कॅचवर कानशीचे ओरखडे होते. ते उलट्या बाजूने तिरपे गेले होते. उजव्या हाताचा माणूस तसे घासत नाही. मिस्त्री डावखुरा होता.

“हा मीच घासला,” तो म्हणाला.

मुलगा बघत राहिला.

“धानाचे दिवस असतील. गाड्यांची रांग असेल. तुझ्या बाबानं म्हटलं असेल, लवकर कर. पंधरा मिनिटांत घासून दिला असेल. दार बसलं असेल, म्हणून मी खाली वाकून पाहिलं नाही.”

त्याने कॅच नवा बसवला, लॉकच्या बरोबर समोर. पिन, बुश आणि दिवसाची मजुरी घेतली. कॅचचे पैसे घेतले नाहीत.

त्या दिवशी दार बसले होते, आणि मिस्त्रीचे चुकले ते तिथेच. बसले नसते तर कोणीतरी खाली वाकले असते. घासलेल्या कॅचने दुखणे बरे केले नाही, नुसते झाकले. दरवर्षी खांब थोडा अधिक खचत गेला आणि मिस्त्रीच्या पंधरा मिनिटांच्या घाईचा भार पुढे कितीतरी वर्षे एका बाईच्या मनगटाने पेलला. मिस्त्रीला ती बाई माहीतही नव्हती.

त्या वर्षी मंडईला निघताना आई पुढे डावीकडे बसली. सवयीने तिचा हात दोरीकडे गेला. दोरी नव्हती. तिने दोन बोटांनी दार ओढले. ते बसले.