आधी श्रवण, मग निवड

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं आणि कीर्तन दुसरं. आधी ऐकायला शिकावं, मग बोलावं, असा त्या क्रमाचा एक सरळ अर्थ लागतो. पण ऐकायचं काय? ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकातला पहिला समास याच प्रश्नाला वाहिलेला आहे आणि त्यातलं उत्तर आजही थक्क करतं. कर्म, उपासना, ज्ञान, वैराग्य हे सगळं तिथे आहेच. पण त्याच्या जोडीला ग्रहतारे आणि मेघमंडळं आहेत, राग, ताल, नृत्य आणि वाद्यं आहेत, कोणत्या रोगावर कोणता उपाय याची विचारणाही आहे. एवढी लांबलचक यादी देऊन समर्थ रामदास शेवटी सांगतात ते असं, की ऐकावं सगळंच, सार कोणतं आणि असार कोणतं हे मात्र ऐकणाऱ्याने स्वतः ओळखावं. म्हणजे निवड ही श्रवणानंतरची पायरी आहे. ऐकण्याआधीच दुसऱ्या कुणी निवड उरकून टाकली, तर आपल्या विवेकाला काही कामच उरत नाही. सामुदायिक रेडिओवर गाणी किती आणि चालू घडामोडी किती असाव्यात, हा प्रश्न सरकारी परवान्याचा वाटतो. मला तो याच विवेकाचा प्रश्न वाटतो.

पिंपरी-चिंचवडमध्ये तर तो अधिकच टोकदार होतो. चिंचवडला मोरया गोसावींची संजीवन समाधी, एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि आषाढीच्या वाटेवर तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीत मुक्काम, ही या भागाची जुनी ओळख. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी कुटुंबं आली, 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे टेल्को आणि बजाजच्या कारखान्यांमागोमाग मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं आली. मग भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहारचेही कामगार आले. पहिल्या पाळीला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये आज एका बाकावर दोघं बसतात. एकाच्या कानात अभंग असतो, दुसऱ्याच्या कानात भोजपुरी गाणं. दोघांच्या खांद्याला खांदा लागलेला असतो, पण शेजाऱ्याच्या कानात काय चाललंय हे दोघांनाही ठाऊक नसतं. फोन प्रत्येकाला त्याने काल ऐकलेलंच आज पुन्हा वाढतो. तिथे निवड ऐकण्याआधीच झालेली असते, आणि ती आपणच केली असं मात्र आपल्याला वाटत राहतं.

गाणं वेगळं आणि गावाची बातमी वेगळी, ही विभागणी मुळात आपली नव्हेच. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण होतं, मध्ये नामाचा गजर होतो आणि उत्तररंगात आख्यान रंगतं. अभंग, दृष्टान्त आणि भोवतालच्या जगण्यावरचं भाष्य एकाच मांडवात नांदतं. गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारत. कर्ज, दारू, अस्वच्छता, मुलांचं शिक्षण हे त्यांचे विषय होते, आणि त्या काळच्या खेड्याच्या त्याच चालू घडामोडी होत्या. सत्यशोधकी जलसा, आंबेडकरी जलसा, अण्णा भाऊ साठ्यांची लोकनाट्यं आणि पोवाडे यांनीही सूर आणि सवाल कधी वेगळे केले नाहीत. सूर माणसाला बसवून ठेवतो, सवाल त्याला उठवतो. दोन्ही एकत्र आले की ऐकणं पुरं होतं.

हे निव्वळ परंपरेचं कौतुक नाही. 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, वीसेक गावकरी एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकत आणि संपल्यावर त्यावर बोलत. कॅनडातल्या शेतकरी मंडळांकडून घेतलेलं ब्रीद होतं: ऐका, चर्चा करा, कृती करा. पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने प्रयोगाआधी आणि नंतर गावकऱ्यांना प्रश्न विचारले. जिथे अशी श्रवणमंडळं होती तिथे लोकांची माहिती लक्षणीय वाढली होती, जिथे ती नव्हती तिथे फारशी नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला श्रवण, मनन आणि निदिध्यासन या तीन पायऱ्या सांगतात. निदिध्यासन म्हणजे कृती नव्हे आणि आत्मज्ञान म्हणजे पिकावरची कीड नव्हे, हे मला मान्य आहे. तरी कानावर पडलेलं मनात मुरल्याशिवाय ज्ञान होत नाही, ही दोन्हीकडची समज एकच आहे. आणि मुरवण्यासाठी बाजूला बसलेला दुसरा माणूस लागतो.

मग आज अडतं कुठे? 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. 2006 च्या धोरणाने शिक्षणसंस्थांबरोबर सामाजिक संस्थांनाही सामुदायिक केंद्र काढायची मुभा दिली. शंभर वॅटचं प्रक्षेपण, जेमतेम काही किलोमीटरचा टप्पा आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक माणसांनी केलेले, असा तो बेत. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला 2008 पासून चालणारी ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्याचं जवळचं उदाहरण. पण याच धोरणाने बातम्या आणि राजकीय स्वरूपाच्या चालू घडामोडी केंद्रांना वर्ज्य केल्या. वीज-पाण्याच्या सूचना, हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी अशा गोष्टी चालतात. पिंपरी-चिंचवडला 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येऊ लागलं. अशा वेळी पाणी कधी सुटणार हे सांगायला हरकत नाही. दिवसाआड का सुटतं आणि कुणाच्या निर्णयाने सुटतं यावर रहिवाशांना बोलतं केलं, की पाऊल कुंपणाशी येतं. कीर्तनकाराला अभंग म्हणू द्यावा आणि निरूपणाला तोंड उघडताच थांबवावं, तसंच हे आहे.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप रवांडाचा आहे. 1994 च्या नरसंहारात तिथल्या आरटीएलएम या केंद्राने विष पसरवलं, आणि लोक त्याकडे वळले ते लोकप्रिय गाण्यांमुळेही. सूर आणि सवाल एकत्र आले की काय होऊ शकतं याचा तो भीषण पुरावा आहे, आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण ते केंद्र वस्तीचं नव्हतं, सत्तेच्या वर्तुळातल्या लोकांचं होतं. ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होतं, त्यांना तिथे माइक नव्हता. अनेक आवाजांमुळे ते घडलं नाही, इतर आवाज गप्प केल्यामुळे घडलं. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवण्याची अट आहे, द्वेष पसरवणाऱ्याला शिक्षेचा कायदा आहे आणि परवाना काढून घेण्याचा अधिकारही आहे. बोलल्यानंतर जाब विचारणं वेगळं आणि बोलण्याआधीच तोंड बांधणं वेगळं. पहिल्यात ऐकणाऱ्याच्या विवेकावर विश्वास आहे, दुसऱ्यात तो मुळीच नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा: श्रवणभक्तीसारखा पवित्र शब्द पाण्याच्या टाकीपर्यंत खाली आणावा का? त्याचं उत्तर इंद्रायणीच देते. आळंदीला याच नदीत वारकरी स्नान करतात आणि याच नदीवर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगतो. नदीचं माहात्म्य सांगणारं भजन सकाळी लावायचं आणि फेस कुठून येतो हे विचारायचं नाही, ही भक्ती अर्धीच राहते. एकाच तासात ते भजन, त्यामागून पिंपरी कॅम्पातलं सिंधी भजन, भोसरीच्या कामगाराचा भोजपुरी बिरहा आणि मग नदीवर रहिवासी, कारखानदार आणि महापालिकेचा अधिकारी यांची खडाजंगी असा कार्यक्रम लागला, तर कुणाला त्यातलं एक आवडेल, कुणाला दुसरं खटकेल. खटकलेलंही कानावरून जाईल, आणि बसमधल्या बाकावर शेजारच्याशी बोलायला एक सामाईक विषय मिळेल. सार कोणतं, असार कोणतं, हे मग त्यांनी ठरवावं. तो अधिकार समर्थांनी ऐकणाऱ्याला दिला होता. तो ना सरकारने आपल्याकडे ठेवावा, ना आपण फोनच्या हवाली करावा.